दोऱ्याएवढी लेक

जर्मनीतल्या वसंताचं कौतुक माझ्यापुढे कोणी करू नये. चेरीचा बहर म्हटलं की माझं डोकं अजून फिरतं.

साठ सालच्या आगेमागे हे हॅनोव्हरला डॉक्टरेट करत होते. दीड वर्षासाठी म्हणून मला बोलावून घेतलं आणि दोन वर्षांची लेक पुण्याला सासूबाईंकडे ठेवायला लावली. ‘एवढ्याशा खोलीत मूल कुठे ठेवणार? उन्हाळ्यात परत जाऊच की.’ मी मान डोलावली. त्याबद्दल मला माझाही राग आहे.

सासूबाई पत्रातून दोरा पाठवायच्या. लेकीला भिंतीशी उभं करून, डोक्यापासून टाचेपर्यंत धरून तोडलेला. त्यावरून मी तिचे फ्रॉक अंदाजाने बेतायची.

ह्यांच्या प्रयोगशाळेत एक जपानी होता. एप्रिलमधल्या एका रविवारी तो आम्हाला गावाबाहेरच्या पडक्या किल्ल्यावर घेऊन गेला. त्याच्या गावीही असाच किल्ला होता म्हणे. वर काही उरलेलं नाही, नुसते दगडी चौथरे आणि त्यांत चेरीची झाडं. बहरात माणसं तिथे चटया टाकून गप्प बसतात. इथे मात्र चिटपाखरू नव्हतं. ढासळलेल्या भिंतींच्या आत झाडं पांढरीशुभ्र फुलली होती. त्याने चटई टाकली, मी दशम्या काढल्या.

मी खुशीत होते. निघायला सहाच आठवडे उरले होते. पर्समधून नवा दोरा काढला आणि झाडाच्या बुंध्याला लावून म्हटलं, “बघा हो, एवढी झाली.”

हे दुसरीकडेच बघायला लागले.

जपान्याने मात्र दोरा नीट निरखला. मग मला समजेल अशा सावकाश जर्मनमध्ये म्हणाला, “माझाही मुलगा तिकडे जपानातच आहे. आणखी दोन वर्षं म्हणजे तुम्हालाही कठीणच जाणार.”

“कसली दोन वर्षं?” मी ह्यांना विचारलं.

ह्यांनी मुदत वाढवून घेतली होती. जानेवारीतच सही करून मोकळे झाले होते.

“अगं, सांगणारच होतो,” म्हणाले. “बरं, आता इथे तमाशा नको. फुलं बघ.”

तळपायाची आग मस्तकात गेली. फुलं बघ म्हणे! लेक माझी, आणि ही बातमी मला परक्या माणसाने द्यायची? तो बिचारा वाकून वाकून माफी मागत होता. ज्यांनी मागायची ते दशमी खात होते. वर म्हणाले, तूप जरा कमी पडलंय.

“तुम्ही राहा खुशाल,” मी म्हटलं. “मी ठरल्या दिवशी निघणार.”

“एकटी?”

“आले तेव्हाही बोटीत एकटीच होते.”

पुढच्या दोन दिवसांत मी दोऱ्याच्या मापाचा फ्रॉक शिवून संपवला.

जूनमध्ये पुण्याला पोचले. लेक दारातच उभी होती. मी जवळ घ्यायला गेले तर सासूबाईंच्या पदराआड लपली. फ्रॉक दाखवल्यावर बाहेर आली, घालून घेतला, गिरकी मारली. अगदी मापात बसला होता. मग सासूबाईंचा हात ओढून तिने विचारलं, “आजी, या काकू आपल्याकडे किती दिवस राहणार?”

तेवढं एकच वाक्य मी ह्यांना कार्डावर लिहून पाठवलं. खाली सही केली नाही.