ग्रंथीवाले साडू

माझे साडू पाच मिनिटं एका जागी बसलेले ज्याने पाहिले असतील, त्याने दुसऱ्याच कुणाला तरी पाहिलं असणार. मुंबईच्या प्रयोगशाळेत त्यांची उभी हयात उंदरांच्या प्रोस्टेट ग्रंथीत गेली. गर्भातल्या नराच्या अंगात ती कशी तयार होते, कोणतं जनुक केव्हा जागं होतं नि केव्हा गप्प बसतं, हा त्यांचा विषय. निवृत्त होऊन ते नागावला आले, विषय काही निवृत्त झाला नाही. वाडीत नारळ पाडायला चढलेल्या माणसाला ते खालून ओरडून सांगत, "अरे, नुसतं पुरुषी संप्रेरक असून भागत नाही! शेजारच्या पेशींनी इशारा दिल्याशिवाय ग्रंथीला कोंबच फुटत नाही!" माडावरून पळून जाता येत नाही, हे त्या बिचाऱ्याचं दुर्दैव. तो आपला "व्हय व्हय" करी.

शेजारच्या आगरी घरच्या हळदीत तर कहर झाला. आशीर्वाद द्यायला म्हणून यांच्या हाती माईक दिला. हे म्हणाले, "या मुलाची ग्रंथी आईच्या पोटातच घडली. त्याबद्दल कुणी आईचे आभार मानले का?" बेंजो थांबला. नवरदेवाची आजी म्हणाली, "मास्तर, आशीर्वाद द्या नि जेवाला बसा. पोर लाजतंय." साडूंच्या बायकोने, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीने, आमच्या ताईंनी, तोंडाला पदर लावला. आणि साडू आशीर्वाद अर्धा टाकून, माईक माझ्या हातात कोंबून मांडवामागे पळाले.

हे पळणं नित्याचंच. जेवताना उठत, बोलताना उठत. दिघीला फेरीबोट सुटायची वेळ झाली की हे धक्क्यावरून गायब. डोक्यात विचार मावत नाहीत म्हणून पाय चालतात, असं आम्ही कौतुकाने म्हणायचो. एकदा ताईंनी मला बाजूला घेतलं. "विचार कसले हो, लघवीला जातात. किती महिने झाले. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतात."

माझं डोकंच फिरलं. भर मांडवात ग्रंथीवर बोलणारा माणूस स्वतःच्या ग्रंथीसाठी डॉक्टरकडे जायला लाजतो! मी तडक त्यांच्यापुढे उभा राहिलो.

"उद्या अलिबागला जायचंय."

"छे, छे! वयाप्रमाणे होतं ते. मला शिकवू नका, साडूभाऊ."

"शिकवत नाही. गाडीत बसा म्हणतोय."

तपासण्या झाल्या, ग्रंथीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टच्या दिवशी माझेच पाय ठरत नव्हते. कॅन्सर निघाला, पण ग्रंथीबाहेर पडला नव्हता. डॉक्टरीणबाई कागदावर ग्रंथीचं चित्र काढून समजावू लागल्या. आता हे त्यांच्या हातातलं पेन हिसकावणार, असं मला वाटलं. पण साडू नुसती मान हलवत राहिले.

"घरात आणखी कुणाला होतं?" बाईंनी विचारलं.

"वडिलांना, आमच्या अण्णांना, असावं. अंथरूण धरेपर्यंत बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही. तसलं काही विचारायचं नसतं, असं वाटायचं."

"तुम्ही मात्र वेळेत आलात."

"मी कुठला येतोय, यांनी आणलं," म्हणत साडूंनी माझा हात धरला. मग फार हळू म्हणाले, "अण्णांना कुणी तरी आणायला हवं होतं हो."