मिठागरावरची सरळ रेघ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही: आमच्या सोसायटीतल्या एका माणसाने काढलेले फोटो पाहिले की माझा जळफळाट होतो.

रविवारी सकाळी तो आणि मी मुलुंडच्या मिठागरांवर फोटो काढायला जातो. आभाळ कितीही पेटलेलं असो, क्षितिज सरळ यावं म्हणून तो आधी उकिडवा बसून ट्रायपॉडच्या लेव्हलमधला बुडबुडा मधोमध आणतो. मग माझ्या कॅमेऱ्यात डोकावतो. "अरे, तुझं पाणी ठाण्याकडे चाललं यार! अडव त्याला." कुणाच्या घरी गेला तर भिंतीवरच्या तसबिरीही बोटाने सरळ करतो.

सोसायटीच्या माघी गणपतीत फोटोंचं प्रदर्शन होतं. त्याआधीच्या रविवारी तो सायकलवाल्याकडून चहा आणायला गेला आणि मी त्याच्या ट्रायपॉडचा एक पाय जरासा सैल केला. तो परतला तोच पाण्याच्या कडेला बगळा उतरला. बुडबुडा मघाशीच पाहिलेला, म्हणून त्याने थेट बटण दाबलं.

क्षितिज तिरकं आलं.

"कॉम्प्युटरवर फिरव ना थोडं," मी साळसूदपणे म्हणालो.

"फिरवलं की फोटोच्या कडा कापायला लागतात रे. कडेचा बगळाच जातो." त्याने प्रदर्शनातून तो फोटो मागे घेतला. "लक्ष नव्हतं माझं," म्हणत त्या जागी माझा फोटो लावला आणि बोटाने सरळही केला.

हल्ली तो बुडबुडा दोन-दोनदा तपासतो, आणि तरी बटण दाबताना कचरतो. तो पाय मी सैल केला होता, एवढं एक वाक्य मी त्याला अजून देणं लागतो.