गुंजेचा डोळा

नातीच्या बोरन्हाणाचा विषय निघाला तेव्हाच मी सांगून टाकलं, टोपी मी करणार. हलव्याचे दागिने काय, सगळेच घालतात. आयता सेट आणायचा, पोरीवर चढवायचा, फोटो काढायचा की झालं! मला असलं काही पटत नाही. विश्रांतवाडीतल्या आमच्या गॅलरीसमोरच्या बाभळीवर सुगरणींचे खोपे लोंबतात. ते बघत बघत मी टोपी मनात बेतून ठेवली होती. खोप्यासारखी विणलेली, कडेनं गवताचे तुरे मोकळे सोडलेले आणि वर एक पिवळी सुगरण बसलेली.

"दीड वर्षाच्या पोरीच्या डोक्यावर घरटं? अंडी कधी घालणार?" ह्यांनी पेपरामागून विचारलं. निवृत्त माणसाला सगळ्यातच बोलायचं असतं.

सुतळी पिंजून मऊ केली, हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवली आणि जाड सुईनं विणली. टोचू नये म्हणून आतून जुन्या साडीचं अस्तर लावलं. पक्षी लोकरीचा. सगळं जमलं, पण डोळे जमेनात. काळे मणी लावले तर पक्षी मेल्यासारखा दिसायचा. मग गुंजांची डबी आठवली. माझं माहेर सराफांचं. वडिलांच्या पेढीवर पूर्वी सोनं तोलायला गुंजा असत, त्यातल्या मूठभर माझ्याकडे आल्या होत्या. लालबुंद, टोकाला काळा ठिपका. दोन नुसत्या टेकवून बघितल्या आणि पक्षी माझ्याकडे बघायलाच लागला.

"आई, गुंजा पॉयझनस असतात ना?" लेक म्हणाली. ती खराडीला कंपनीत आहे, तिला सगळं मोबाइलमधून कळतं.

"आम्ही गुंजांतच लोळून वाढलो. तोंडातसुद्धा घातल्यात. झालं काही?"

खरंच कुणाला काही झालं नव्हतं. मी गुंजा रात्रभर भिजवल्या, दाभणानं आरपार भोकं पाडली आणि दुहेरी दोऱ्यानं डोळे शिवून टाकले.

बोरन्हाणाला नात काळं झबलं घालून पाटावर बसली. टोपी बघून शेजारणी "अगं बाई, कित्ती गोड!" करत होत्या आणि मी फुगत होते. बोरं, चुरमुरे, हरभरे, हलवा असं सगळं डोक्यावरून ओतलं तशी ती दचकली. तिनं टोपी ओढून काढली आणि पक्ष्यालाच चावायला लागली. सगळे हसलो. मीही हसले. मी टोपी काढून घेतली, तर ती दोन्ही मुठींनी चुरमुरे कोंबायला लागली.

पाहुणे गेल्यावर टोपी झटकायला घेतली. पक्ष्याला एकच डोळा होता.

"डोळा मारतोय तुला," हे म्हणाले. मी नुसती टोपी पुढे केली. लेकीनं ती बघितली आणि सरळ पोरीच्या तोंडात बोट घातलं. तोंडात काही नव्हतं. आम्ही तिघं खाली बसून चुरमुरे चाळायला लागलो. प्रत्येक लाल बोर उचलून उलटसुलट करून बघायचो. पाट उचलला, सतरंजी झटकली, झबलं उलटंपालटं केलं. गुंज नव्हती.

लेकीनं मुलांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. ते शांतपणे म्हणाले, "अख्खी गिळली असेल तर बहुतेक वेळा तशीच बाहेर पडते. टरफल कडक असतं, विष आतच राहतं. अख्खीच होती ना?"

लेक माझ्याकडे बघत होती.

"नाही हो," मी म्हणाले. "मी भोक पाडलं होतं."

मग ते म्हणाले, "तिला घेऊन लगेच निघा."

हॉस्पिटलात त्यांनी तिला ठेवून घेतलं. त्रास लगेच दिसतोच असं नाही, उशिरासुद्धा सुरू होतो, म्हणाले. म्हणजे ती हसत होती, तिला लावलेली नळी ओढत होती, त्याला काही अर्थच नव्हता. तिनं जांभई दिली तरी मी नर्सला हाक मारायचे. लंगोट बदलला की लेक तो दिव्याखाली धरून बघायची. मी नवसबिवस करणारी बाई नव्हे, पण बुधवार पेठेतल्या गणपतीला काय काय कबूल केलं ते माझं मलाच माहीत. लेक मला एक अक्षर बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी खूप भ्याले होते. पोरीचं काही बरंवाईट झालं तर या लेकीसमोर मी कशी जगणार होते?

पोरीला काही झालं नाही. डॉक्टरांनी घरी सोडलं, म्हणाले, गिळलीच नसेल. गुंज मात्र कुठेच सापडली नाही, लंगोटात नाही आणि घरातही नाही. उरलेल्या गुंजा मी डबीसकट टाकून दिल्या.

लेक आता पूर्वीसारखी बोलते. नातीला माझ्याकडे सोडून कामालाही जाते. फक्त संध्याकाळी न्यायला आली की चपला काढायच्या आधी पोरीला म्हणते, "आ कर." गाल बाजूला करून, जीभ उचलून सगळं बघते आणि मगच मला विचारते, "आई, चहा आहे का?" मी आधण ठेवते.

परवा सकाळी मी दार उघडलं. नात बापाच्या कडेवर होती. मला बघून ती हसली नाही की झेपावली नाही. तिनं मान वर केली आणि तोंड उघडून दाखवलं.