अविनाश आणि बाजूला ठेवलेले अर्ज

मंगळवारी सकाळी अविनाशच्या बायकोचा, मेधाचा फोन आला. तो कामाला निघताना दारातच कोसळला होता; अँब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं. वय एकसष्ट. त्याच आठवड्यात शनिवारी आमच्या मराठी मंडळाची सभा होती आणि तीत त्याला एक पत्र मोठ्याने वाचायचं होतं...

पुण्याहून सिडनीला आलेला हा संगणक अभियंता गेली सहा वर्षं क्वेकर्स हिलच्या घरात अमेरिकेतल्या गुलामगिरीवर मराठीत पुस्तक लिहीत होता. तिथल्या यादवी युद्धापेक्षा त्याचं लक्ष आधीच्या राजकारणावर, त्यातही एका नियमावर होतं. गुलामगिरी बंद करा, अशी मागणी करणारे हजारो अर्ज तिथल्या प्रतिनिधिगृहात यायचे. गुलाम बाळगणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांचे सदस्य भडकायचे. शेवटी सभागृहाने ठरवलं, हे अर्ज न छापता, न वाचता बाजूला ठेवायचे. आठ वर्षं हे चाललं. "फाडले नाहीत, जाळले नाहीत," तो म्हणायचा, "नुसते टेबलावर ठेवले. किती सभ्य माणसं!" आम्ही चेष्टा करायचो, "अव्या, सुटले का रे तुझे गुलाम?" "कसले सुटतायत! अजून टेबलावरच आहेत."

तीन वर्षांपूर्वी, तो मंडळाचा अध्यक्ष असताना, समितीकडे एक दोन पानी पत्र आलं. लिहिणारी सविता, साताऱ्याकडची. जवळच्याच स्कोफिल्ड्समधल्या एका मराठी कुटुंबाने तिला मुलं सांभाळायला आणलं होतं. पासपोर्ट त्यांच्याकडे, सुट्टी नाही, एकटीने बाहेर पडायचं नाही. मंडळाने त्यांच्याशी बोलावं, एवढीच विनंती. हा मजकूर आम्हाला नंतर कळला. त्या दिवशी अविनाशने पत्र मनातल्या मनात वाचलं आणि घडी घातली. गणपती तीन आठवड्यांवर होते, मोदकांचं काम त्याच घराकडे होतं. "हा त्यांच्या घरातला प्रश्न आहे. पत्र आलं, अशी नोंद करू. वाचायला नको." समितीतले आम्ही सगळे हो म्हणालो. मोदक उत्तम झाले. ते सविताने एकटीने वळले होते.

पुढे ती त्या घरातून सुटली आणि तिची हकिगत सगळ्यांना कळली. अविनाश त्यावर कधी बोलला नाही. गेल्या वर्षी त्याने त्या नियमावरचं प्रकरण पूर्ण केलं आणि जेवताना घरच्यांना वाचून दाखवलं. युनिव्हर्सिटीत शिकणारी त्याची मुलगी ईशा ऐकत होती. "बाबा, दॅट्स एक्झॅक्टली व्हॉट यू डिड टू हर," ती म्हणाली. तो ताटावरून उठला, असं मेधा सांगते.

सविता तोवर पार उत्तरेला डार्विनला एका हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत कामाला लागली होती. भर पावसाळ्यात तो पत्र घेऊन तिच्याकडे गेला. सभेत वाचतो, माझी चूक कबूल करतो, म्हणाला. तिने चहा केला. "तेव्हा वाचलं असतं, काका, तर तेव्हाच सुटले असते. शेजारच्या बाईंनी पोलिसांना कळवलं, तोवर अकरा महिने गेले." मग कप पुढे सरकवत म्हणाली, "आता वाचा. पण सगळं वाचा. मधलं काही गाळू नका."

परतल्यावर तो विषय सभेच्या पत्रिकेवर घ्यायलाच चार महिने लागले. "कशाला उकरतोस, मेट? ते लोक अजून येतात कार्यक्रमांना," असं त्याला तोंडावर सांगितलं गेलं. सभा दोनदा पुढे ढकलली. तो अडून राहिला.

शनिवारी सभा झाली. शोकठराव, दोन मिनिटं शांतता. मग पत्राचा विषय आला. अविनाशऐवजी मी वाचावं म्हणून मेधाने दिलेली प्रत माझ्या खिशात होती. नवे अध्यक्ष म्हणाले, "आज ते नको. आज आपण अविनाशसाठी जमलोय. पुढच्या वेळी बघू." काही जणांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

याला तीन आठवडे झाले. अविनाश गेल्याचं मेधाने डार्विनला फोन करून कळवलं. सविता बराच वेळ रडली. मग तिने विचारलं, "सगळं वाचलं ना काकांनी सभेत?"

मेधाने तो प्रश्न मला तसाच पाठवला आहे.