सड्यावरचं गाऱ्हाणं

काकीने पदर कमरेला खोचायचा, समोर नारळ ठेवायचा, डोळे मिटायचे आणि खणखणीत आवाजात सुरू करायचं, "बा देवा म्हाराजाऽऽ!" की हातात पहार असो नाहीतर टोपली, आम्ही सगळे "होय म्हाराजा!" म्हणून मोकळे. गाऱ्हाणं घालणं हे खरं तर गुरवाचं काम. ही गुरवाची विधवा. नवऱ्याचं ऐकून ऐकून तिला ते पाठ झालं होतं, आणि बाईमाणसाने ते घालावं का, असं तिला विचारायची वाडीत कोणाची छाती नव्हती. आम्ही तिला काकी म्हणायचो.

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीजवळच्या त्या वाडीत मी शाळामास्तर होतो. वाडीतले तरुण सगळे मुंबईला. त्यामुळे झाडं लावणारं मंडळ म्हणजे मी, पोस्टमन, थोड्या बायका आणि आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर काकी. एसटी थांबायची ती वर सड्यावर, उघड्याबोडक्या कातळावर. उन्हाळ्यात तिथे बसची वाट पाहायची म्हणजे पाय भाजून निघायचे. नवरा आजारी पडला तेव्हा त्याला दवाखान्यात न्यायला काकी तिथेच गाडीची वाट बघत बसली होती. "माझ्या पदराची सावली धरलेली तेंच्या डोक्यावर," एवढंच ती एकदा म्हणाली. तो त्या दुखण्यातून उठला नाही. तेव्हापासून तिला त्या थांब्यावर झाडं हवी होती. दुसरं काही नको.

सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून आम्ही वड, करंज, जांभूळ अशी रोपं आणली. कातळात पहारीने खड्डे पाडले, खालून माती वाहून नेली, भोवती काट्यांची वई, म्हणजे कुंपण, घातली. पण वईचा भरवसा किती? आमच्याकडे भात कापून झालं की गुरं मोकळी. शेळ्यांना तर भात कापण्याचीही वाट बघायला नको. म्हणून काकीने नारळ ठेवला.

"बा म्हाराजा, ही लेकरां आज तुझ्या पायाशी लावली हायत. ह्या पोस्टमनची काळी शेळी लय चोरटी हाय, तिला बुद्धी दे!"

"होय म्हाराजा!" सवयीने पोस्टमनही म्हणून गेला आणि मग इकडेतिकडे बघू लागला.

"आनि ज्याच्या गोरवाचं तोंड ह्या झाडांना लागंल, तेच्या गोठ्यात ते गोरू ऱ्हायाचा नाय!"

"होय म्हाराजा!"

तुम्हाला हसू येईल, पण गुरं बांधली गेली. पोस्टमनची शेळी खुंट्याला आली. वाडीच्या टोकाला राहणारी एक म्हातारी तर गुडघे धरत धरत पाला आणून शेळ्यांना दारात घालू लागली.

काकीची स्वतःची एक गाय होती. मुंबईला मुलाची गिरणी बंद पडलेली, पैसे येत नव्हते. त्या गाईच्या दुधावरच काकीचं चालायचं. सकाळी माझ्याकडे दूध घालायला यायची तेव्हाही गाय तिच्या मागे. काकी पाण्याचा हंडा घेऊन सड्यावर गेली की गाय सड्यावर. फाल्गुनातल्या एका दुपारी पाणी घालून काकी घाईत उतरली, वईचा झाप लावायचा राहिला, आणि गाय मागेच राहिली. आम्ही वर गेलो तर जांभळांचे नुसते दांडे उरलेले आणि गाय शांतपणे रवंथ करत उभी.

"मुकं जनावर ते," पोस्टमन म्हणाला. "काकी, कोन बघतोय?"

"मी बघितला ना," काकी म्हणाली.

वाडी गोळा झाली. शब्दाप्रमाणे गाय काकीच्या गोठ्यातून जाणार, यातून काहीतरी वाट काढायला हवी म्हणून देवाला कौल लावायचं ठरलं. काकीचा दीर आता गुरव होता. त्याने देवाच्या अंगाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पाकळी पडली तर गाय सुटली. ती अशी झटकन पडली की मला अजून वाटतं, चिकटवताना दिराचा हात जरा सैल राहिला असावा. आम्हाला केवढा आनंद झाला! काकीने देवाला हात जोडले.

"देवान उजवा दिलान, लय बरा झाला. पन त्या म्हातारीचा काय? पावसापास्नं शेळ्या बांधून बसली हाय, माझ्या शब्दावर. आज माझी गाय सुटली तर उद्या सगळ्यांची सुटतील. मग झाडां कुठली ऱ्हातायत?"

"अहो काकी, पण तुम्ही खाणार काय?" मी विचारलं.

"बघू वो गुरुजी. हात हायत ना."

मला तिचा भयंकर राग आला. देवाने सोडलेलं ही बाई धरून बसली होती! दुसऱ्या दिवशी ती गाय घेऊन लेकीच्या गावी चालत गेली. संध्याकाळी परतली ती नुसतं दावं हातात घेऊन. शाळेसमोरून जाताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. मग ती आंब्याच्या बागांत मजुरीला जाऊ लागली. पावसाळ्यात त्याच खड्ड्यांत पुन्हा जांभळं लावली. त्यानंतर सड्यावर कोणाची शेळी फिरकली नाही.

काही वर्षांनी झाडं गुरांच्या तोंडाच्या वर गेली. तेव्हा तिनेच पुन्हा नारळ ठेवून सगळ्यांना त्या शब्दातून मोकळं केलं. लेक म्हणाली, आता तुझी गाय घेऊन जा. "ती आता तुज्या पोरांची," म्हणून काकीने विषय संपवला. त्याच सुमारास माझी बदली झाली.

पुढे बऱ्याच वर्षांनी काकी गेल्याचं पोस्टमनने कळवलं. मला जायला चैत्र उजाडला. भर दुपारी सड्यावर एसटीतून उतरलो आणि डोक्यावर ऊन लागलंच नाही. झाडांखाली गुरं दाटीवाटीने बसली होती. एक बाई लहान मुलाला घेऊन परतीच्या गाडीसाठी आली, "सरक रे बाबा जरा," म्हणत तिने एका पाड्याला ढकललं आणि सावलीत बसली. मी एकेक जनावर बघत राहिलो. सगळ्या वाडीची गुरं होती. काकीचं तेवढं एकही नव्हतं.