पाठीवर पडून लढणाऱ्या वस्तादबाई

वस्तादबाई रागावल्या की आवाज चढवत नसत. त्या सरळ मॅटवर पाठ टेकून आडव्या व्हायच्या आणि म्हणायच्या, "ये. बस माझ्यावर. बघू किती वेळ बसतीस." आमच्यातली सगळ्यात दणकट मुलगीही तिथं मिनिटभर टिकत नसे.

त्या पिशोर गावच्या. वडील पैलवान, पण लेकीला तालमीच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही, हा त्यांचा पहिला राग. पुण्यात नोकरीला असताना त्या ब्राझिलियन जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवर पडून लढायची परदेशी कुस्ती, शिकल्या. पुढे वाळूजच्या एका कंपनीत लागल्यावर सिडकोतल्या आमच्या कॉलनीच्या सभागृहात त्यांनी मुलींचा वर्ग काढला. पहिली शिफ्ट संपली की कंपनीच्या निळ्या शर्टातच मोटरसायकलवरून यायच्या. 'मॅडम' म्हटलेलं त्यांना खपत नसे, म्हणून वस्तादबाई.

या खेळात खाली पडलेला हरलेला नसतो. पाठीवर पडून वरच्याला पायांनी अडवून धरायचं, त्याला गार्ड म्हणतात. मला एकच गार्ड यायचा. वरचीच्या कमरेला पायांचा विळखा घालून घोटे अडकवायचे आणि जीव खाऊन आवळायचं. विळखा सुटला की मी नुसती पडून राही. एकदा वस्तादबाईंनी तो सहज फोडला आणि सगळं वजन माझ्या छातीवर टाकलं.

"सुटलं ना? मग आता कुणाची वाट बघतीस? सुटणार हे तुला आधी कळतं का नाय? तवाच गुडघा मधी घाल. तिचा एक पाय तरी तुझ्या दोन पायांत धर. तेबी गेलं तर उठून बस, पावलं तिच्या मांड्यांखाली आतून लाव अन् उचल. पण रिकामं पडू नको."

महिनाभर त्यांनी मला तेवढंच करायला लावलं. विळख्यातून एक पाय धरायच्या अर्ध्या गार्डात, तिथून उठून बसायच्या बसत्या गार्डात, परत विळख्यात. बरगड्या ठणकायच्या. मला त्यांचा भयंकर संताप यायचा. मग एके दिवशी मी त्यांना खालून उलटवलं. "व्हय," एवढंच म्हणाल्या आणि पाणी प्यायला गेल्या.

त्याच सुमारास एका संध्याकाळी कॉलनीचे अध्यक्ष दारात येऊन उभे राहिले. "मुलींना उताणं पडायला शिकवता? सभ्य लोकांची वस्ती आहे ही."

वस्तादबाई मॅटवरून उठल्या नाहीत. "साहेब, पोरीला कुणी पाडलं तर ती कशी पडती? मग शिकवायचं कुठून?"

अध्यक्ष माघारी फिरले. सभागृहाची किल्ली त्यांच्याकडेच होती.

आठवड्याभरात वर्ग बंद करा म्हणून सह्यांचं पत्र निघालं. त्यावर माझ्या अप्पांचीही सही होती. हेच अप्पा मला रोज वर्गाला सोडायचे, वस्तादबाईंना हात जोडून नमस्कार करायचे. वस्तादबाई एकट्या टेम्पोत मॅट चढवत होत्या तेव्हा अप्पा गॅलरीत पेपर वाचत बसले होते, आणि मी त्यांच्या मागे उभी होते. सतरा वर्षांची, धडधाकट. मी खाली उतरले नाही. याचा राग अजून जात नाही.

वाळूजला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी पुन्हा वर्ग सुरू केल्याचं कळलं. मला घरून जाऊ दिलं नाही, आणि मीही हट्ट धरला नाही.

बऱ्याच वर्षांनी नाशिकला एका स्पर्धेत त्या दिसल्या. केस पिकलेले, सोबत सहा-सात मुली. मी वाकून नमस्कार केला आणि माफी मागितली.

"कशाची?"

"तेव्हा मी गप्प बसले. अप्पांनी सही केली तरी."

"त्यांना इचारलंस का, का केली म्हणून?"

"नाही."

"मग माझ्याकडं काय आलीस?" आणि त्या आपल्या वर्गातल्या मुलीच्या कुस्तीकडे वळल्या. पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही.

त्याच रविवारी मी घरी गेले आणि अप्पांना विचारलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "कागद दारावर आला होता. बाकी सगळ्यांच्या सह्या आधीच झालेल्या होत्या. काय लिहिलंय ते मी वाचलं नव्हतं गं."

इतकी वर्षं मी निदान काहीतरी कारण असेल, असं धरून चालले होते.