सगळ्या वस्तीची दहा मिनिटं

पाण्याच्या सर्वेक्षणाची फाईल हातात आली तेव्हा मी खूश होते. जालन्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवताना पुस्तकातली बनावट उदाहरणं सोडवून वीट आला होता. ही तर जिल्ह्यातली हजारो खरी घरं. कोणत्या वस्तीत आधी नळ न्यायचा, ते या आकड्यांवरून ठरणार होतं आणि आकडे मी मांडणार होते.

बदनापूरला घरी आले, चहा बाजूला ठेवला आणि फाईल उघडली. असली माहिती आली की सुरुवातीला काही शोधायचं नसतं, नुसता हात फिरवून बघायचा असतो, सुपातल्या ज्वारीवरून फिरवतात तसा. मी आधी भोकरदन तालुक्यातलं माझं माहेर काढलं. कोणीही तेच केलं असतं.

'पाणी आणायला रोज किती वेळ लागतो?' या प्रश्नापुढे ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतल्या झाडून सगळ्या घरांचं उत्तर एकच होतं. दहा मिनिटं. 'उत्तर कोणी दिलं?' या रकान्यात सगळीकडे 'घरातली स्त्री'. त्या वस्तीतली एक मुलगी शाळेत माझ्या बाकावर बसायची. पाण्यापायी रोज तिचा पहिला तास चुकायचा आणि रोज ती छडी खायची. तिथे अजूनही ना विहीर, ना हातपंप. मग ही दहा मिनिटं आली कुठून? टॅबवर फॉर्म उघडल्याची आणि बंद केल्याची वेळ आपोआप नोंदली जाते. ती पाहिली. अख्खी वस्ती एका दुपारी, एका बैठकीत उरकली होती, घरामागे दोन मिनिटं. जेवताना घासात केस निघावा तशी शिसारी आली मला.

काकांना फोन लावला. काका गावातले मोठे बागाईतदार. माणूस वाईट नाही, हेच तर अवघड आहे.

"आल्ते की तुझे लोक," काका म्हणाले. "तू धाडलेले, मंग उन्हात कशाला फिरू द्यायचं? बैठकीत बसवलं, जेवू घातलं. एकेका घराचं मी सांगत गेलो, ते भरत गेले. जल्दी उरकलं."

"अन् वस्तीतलं?"

"तेबी मीच सांगितलं. बाहेरच्या माणसापुढं गावाची इज्जत जाऊ न्हाई म्हणून बराबर सांगितलं."

मी फोन ठेवला. "गावात गेलात की आधी आमच्या काकांकडे जा, काही कमी पडणार नाही," असं फॉर्म भरणाऱ्या त्या लोकांना मीच मोठ्या तोंडाने सांगितलं होतं. मग बाकीची गावं उघडली. तीच तऱ्हा. त्या लोकांना विचारलं, तर प्रत्येक गावात कुणाचं ना कुणाचं ओळखीचं घर, तिथे जेवण आणि तिथूनच साऱ्या गावाची उत्तरं. उंटावरून शेळ्या हाकलेल्या, आणि आमच्या गावचा उंट मी पुरवलेला. काकांपेक्षा मला माझीच किळस आली.

प्रकल्पाच्या साहेबांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमचं तेवढं एक गाव काढून टाका ना. बाकीच्यांचं कोण विचारतंय, माहिती भरपूर आहे." गाव काढलं की वस्ती यादीतून गेली आणि नळही गेला, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही.

रविवारी कोरे फॉर्म कागदावर छापून घेऊन मी गावाला गेले. काकांच्या दाराकडे न वळता सरळ ओढा ओलांडला. बाकावरच्या त्या मैत्रिणीला मामाच्याच घरी, त्याच वस्तीत दिलेलं. नुकतीच पाण्याहून आली होती, पदर ओला होता. तिने मला बसायला चटई टाकली. मी पाण्याच्या वेळेचा प्रश्न वाचला.

माझ्या पाठीमागे, गावाच्या बाजूला तिने नजर टाकली.

"आज तुझे काका घरी न्हाईत का?" तिने विचारलं.

तो टोमणा नव्हता. तिला खरंच वाटलं, हा प्रश्न विचारायला मी घर चुकले.